संग्रामपूरचे एकतीस वाचक

"बाबा, तुमचा ब्लॉग कोन वाचते, कुठून वाचते, सारं यात दिसते," असं म्हणत राखीनं लॅपटॉप सहदेवरावांपुढे सरकवला, आणि त्यांचा मलकापुरातला निवांत रविवार तिथंच संपला.

कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाल्यापासून सहदेवरावांनी एकच उद्योग लावून घेतला होता. लग्नाला जायचं, पंगतीत पोटभर जेवायचं, आणि घरी येऊन 'पाटावरचा पाहुणा' या टोपणनावानं ब्लॉगवर त्या जेवणाची सालटी काढायची. हे गुपित घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं. ते फुटलं असतं, तर जिल्ह्यातून लग्नाची एक पत्रिका त्यांच्या दारी आली नसती.

"हे पाहा, अर्ध्या तासात चार जन. त्यातला मलकापूरचा एक म्हनजे तुमीच. स्वतःले मोजायचं नाई."

"अन बाकीचे तीन?"

"संग्रामपूर."

सहदेवरावांनी चहाचा कप खाली ठेवला. संग्रामपूरच्या भाऊरावांचा मुलगा दीपक राखीला पाहून गेला, त्याला आठच दिवस झाले होते. पोरं एकमेकांना पसंत होती. आता फक्त भाऊरावांचा निरोप यायचा होता, आणि तो आजच यायचा होता.

"वाचून काय राह्यले ते?" त्यांनी कसंबसं विचारलं.

राखीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. लेखाचं नाव होतं 'संग्रामपूरची थंड बट्टी'. मागच्या वर्षी भाऊरावांच्या लेकीच्या लग्नात जेवून आल्यावर लिहिलेला. हेच घर पुढं आपल्या लेकीला मागणी घालेल, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नात होतं? लेखात कोणाचं नाव नव्हतं, पण कणकेची ती बट्टी फोडायला घरून हातोडी न्यायला हवी होती, असं लिहिलं होतं. शिवाय भाजीत वांगं शोधून देणाऱ्याला टॉवेल-टोपीचं बक्षीस जाहीर केलं होतं.

"या पानावर एक मानूस सरासरी अठरा मिनिटं थांबते," राखी म्हणाली.

"दोन मिनिटांचा लेख हाय तो!"

"तेच तं. पाठ करून राह्यले वाटते."

तेवढ्यात स्क्रीनवर तिनाचे नऊ झाले.

"काढून टाका ना तो लेख," त्यांच्या पत्नी शालूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"अवं, काढला तं त्याइले वाटंन, लिहिनारा घाबरला म्हनून. थोडं सुधारतो."

राखी नको नको म्हणत असताना त्यांनी लेख सुधारायला घेतला. थंड बट्टी वाफाळती केली आणि तुपात बुडवली. हातोडी काढून टाकली, भाजीत वांगी घातली, टॉवेल-टोपी मागं घेतली. पण ते एकेक ओळ बदलत होते, तसा संग्रामपूरचा आकडा चढत होता. चौदा, बावीस, एकतीस.

"बाबा, अख्खं गाव येऊन राह्यलं!"

आणि फोन वाजला. भाऊराव. लेकीचं जमत आलेलं लग्न आपल्या हातानं मोडलं, दुसरं काय!

"सहदेवराव, मानूस इकाऊ निघाला हो!" पलीकडून आवाज कडाडला.

"क... कोन?"

"तो पाटावरचा पाहुना! पोरीच्या लग्नात आचारी माह्या साळ्यानं आनला होता. वर्ष झालं, मानतच नाई, म्हने बट्टी चांगलीच होती. रोज वाचून दाखवतो त्याले, तरी मानत नाई. आज सारे सोयरे जमवले, त्याइच्यासमोर वाचाले बसलो. साळा म्हने, पुन्हा वाचा. पुन्हा उघडलं, तं बट्टी गरम! साऱ्याइनं आपापल्या मोबाइलवर पाह्यलं, तं तिथंबी गरम! साळ्यानं त्याले फितवलं, अन आता माह्यावर हासून राह्यला!"

सहदेवरावांनी विचारलं, "मंग... आपल्या पोराइचं?"

"ते पक्कं समजा. पोरगी लाखात एक हाय. पन एक अट हाय माह्यी. लग्न तुमच्या दारी, त्या पाहुन्याले जेवाले बलवा. मलकापूरच्याच पंगतीवर जास्त लिहिते, तिथलाच असंन तो, शोधा. अन त्यानं खोट काढली पायजे. गोडगोड लिहिलं, तं मी समजन का त्याले तुमीबी फितवलं."

सहदेवरावांनी फोन ठेवला.

"काय म्हनले?" शालूबाई हात पुसत बाहेर आल्या.

"पक्कं झालं. पन राखीच्या लग्नात एखादा पदार्थ बिघडवा लागते."



"मंग आचारी तुमीच ठरवा, सारंच बिघडंन," शालूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.