एका मैत्रिणीसाठी

मुलींच्या वसतिगृहात लैंगिक आरोग्य सल्ला केंद्र उघडताना समितीने गाढ विचारांती असं ठरवलं, की मुली डॉक्टरांचं ऐकत नाहीत, एकमेकींचं ऐकतात. सबब तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला सखी-प्रतिनिधी नेमण्यात आलं. निवडीच्या सभेला गैरहजर असलेली ती एकटीच होती.

तिने अर्ज वाटले. त्यावर दोन चौकटी होत्या : ‘स्वतःसाठी’ आणि ‘मैत्रिणीसाठी’. पहिल्या मुलीने ‘मैत्रिणीसाठी’वर खूण केली. दुसरीने तिच्या खांद्यावरून डोकावून तेच केलं. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा अर्ज आले, सगळे मैत्रिणीसाठी. दोनशे तेरावा खुद्द प्रतिनिधीचा, तोही मैत्रिणीसाठीच. दोन दिवस तिला लघवीला आग होत होती, पण शेजारच्या खोलीतलीने तिला धीर दिला होता, “सगळ्यांना होतं गं, आपोआप जातं.”

समितीला आनंद झाला. वसतिगृहातल्या एकाही मुलीला तक्रार नव्हती. दुखणं होतं ते एका मैत्रिणीला, आणि तिला एकाच वेळी खाज, अंगावरून जाणं, चुकलेली पाळी आणि गर्भनिरोधक गोळ्यांविषयी एकोणीस शंका होत्या. ‘सदर मैत्रिणीस प्रवेश नाही’ अशी पाटी फाटकावर लागली. ‘स्वतःसाठी’ ही चौकट विनावापर पडून असल्याने काढून टाकण्यात आली.

डॉक्टरबाई दर बुधवारी येत आणि शब्दकोडं सोडवून जात. मैत्रिणीला तिच्या गैरहजेरीत तपासायची नियमात सोय नव्हती.

आग सुरू झाल्याच्या सोळाव्या दिवशी, बुधवारी, प्रतिनिधीला थंडी वाजून ताप भरला, कंबर धरली. बाहेरच्या बाकावर एकमेकींना सोबत म्हणून आलेल्या सात मुली बसल्या होत्या. त्यांच्यासमोरून ती आत गेली.

“कुणासाठी?” डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं.

“माझ्यासाठी.”

बाकावरच्या सातही माना दाराकडे वळल्या. डॉक्टरबाईंनी शब्दकोडं मिटलं. “दार लाव आणि बस. मैत्रिणी काय म्हणाल्या होत्या?”

“आपोआप जातं.”

“जातं ना. मूत्रपिंडात जातं.”

ती गोळ्या घेऊन बाहेर आली. शेजारच्या खोलीतलीने हळूच विचारलं, बाई ओरडल्या का. नाही म्हणाली. शेजारीण उठली, ओढणी सारखी केली, आत गेली आणि मोठ्यांदा म्हणाली, “माझंही माझ्यासाठीच आहे.” मग तिसरी उठली.

महिनाअखेर आकडा एक्केचाळीसवर गेला. समिती हादरली. केंद्र उघडलं तेव्हा आजारी शून्य आणि आता एक्केचाळीस, आणि सगळ्याची सुरुवात एकाच मुलीपासून! वाईट संगतीचा ठपका ठेवून तिला पदावरून दूर करण्यात आलं. तिने छापून घेतलेल्या माहितीपुस्तिका जप्त झाल्या. सभा संपल्यावर प्रत्येक सदस्याने एकेक प्रत पिशवीत टाकली, अर्थात ओळखीतल्या कुणासाठी तरी.

ही गोष्ट आपण कुणासाठी वाचलीत, ते विचारणारी चौकट इथे ठेवलेली नाही. उत्तर आमच्याकडे आधीच आहे.