डिकीतला वाकडा दांडा

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये दोन हजार पाच साली मी एक रशियन गाडी घेतली. १९७४ची लाडा. मूळ आराखडा इटलीचा, पत्रा रशियाचा आणि फसलेलं गिऱ्हाईक सांगलीचं. (तसा मी गाड्यांचाच इंजिनिअर. कडाक्याच्या थंडीत इंजिन कसं सुरू व्हावं, हा माझा विषय. त्यात दहा वर्षं काढल्याबद्दल कंपनीने मला एक जाडजूड पितळी पिस्टन देऊन गौरवलंय.)

तीस वर्षांवरची गाडी मूळ स्थितीत असेल तर इथे तिला ऐतिहासिक म्हणून एच-नंबर मिळतो. तो मिळाला तर गाडी राहील, नाही तर भंगारात जाईल, असा माझ्या बायकोचा, नीलांबरीचा निकाल होता. आणि माझा तर जीव जडला होता त्या गाडीवर. (तिच्याच घराण्यातल्या गाड्या रशियात अजून कारखान्यातून बाहेर पडत होत्या, हे मी तिला सांगितलं नव्हतं. धाकटी भावंडं पाळण्यात असताना थोरलीला पुराणवस्तू कोण म्हणणार?)

मी डिकी साफ करायला घेतली. तळाशी एक वाकडा लोखंडी दांडा निघाला.

"अहो, हा लागणार नाही ना?" नीलांबरीने विचारलं.

"भंगार आहे," मी इंजिनिअरच्या आवाजात म्हणालो.

तिने तो घासूनपुसून स्वयंपाकघरात नेला. जर्मनीत नारळ मिळतो, तो फोडायला काही मिळत नाही. वर्षभरात इथल्या महाराष्ट्र मंडळाचे निम्मे नारळ त्या दांड्याने फुटले.

तपासणी निघाली संक्रांतीच्या सुमारास. उणे चौदा. तपासनीस हेर (म्हणजे श्रीयुत) क्राउझं जुन्या पूर्व जर्मनीतले. त्यांच्या वडिलांनी म्हणे अशा गाडीसाठी अकरा वर्षं वाट पाहिली होती. गाडीवरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले. मग ते म्हणाले, "आल्झो, तर मग सुरू करा."

गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. थंडीने बॅटरीने मान टाकली होती. मी गारठलेल्या तेलाच्या घट्टपणावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "हँडल कुठे आहे?"

बर्फाच्या मुलखातली गाडी, बॅटरी बसली तर पुढून हँडल मारायची सोय कारखान्यानेच दिलेली. ते नसेल तर गाडी अपुरी, एच-नंबर नाही.

मागच्या सीटवर मंडळाच्या हळदीकुंकवासाठी नारळांची पिशवी घेऊन नीलांबरी बसली होती. ती उतरली. पिशवीतून दांडा काढून तिने बंपरच्या भोकात घातला, मला किल्ली फिरवून बसायला सांगितलं आणि एक हिसका दिला. इंजिन सुरू झालं. दांड्यावर नारळाची शेंडी लोंबत होती.

"तुला माहीत होतं?"

"बाबांच्या जीपला होतं की असंच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही भंगार म्हणालात. म्हटलं, दहा वर्षं हेच करताय, तुम्हाला कळत असेल."

नंबर मिळाला. दांडा डिकीतच ठेवायचा, एवढी अट क्राउझं यांनी नीलांबरीला घातली. (माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.)

पुढच्या रविवारी नारळीभाताचा बेत होता. स्वयंपाकघरातून ठणकन आवाज आला म्हणून धावलो. नारळाची दोन भकलं झाली होती आणि नीलांबरीच्या हातात माझा पितळी पिस्टन होता.

"अहो," ती म्हणाली, "हा तर लागणार नाही ना?"