वरची मूठ

वैजयंतीने मोबाईलवरचा मजकूर दुसऱ्यांदा वाचायला घेतला आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. तिच्या ऑनलाइन दुकानाला कुणीतरी पाचपैकी एकच चांदणी दिली होती. दुकान सव्वा महिन्याचं. नाव ‘चतुराबाईच्या मुगवड्या’. सासूबाईंनी, म्हणजे चतुराबाईंनी, उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या वड्या मेडशी गावातून पार पुण्या-नागपूरला जात होत्या, आणि लग्नानंतर वैजयंतीने स्वतःच्या डोक्याने उभं केलेलं हे पहिलंच काम होतं.

“काय झालं वं?” चतुराबाई ओट्याशी आल्या.

“एका मानसानं एकच चांदनी देल्ली, आत्याबाई.”

“काहून? खवट निंगाल्या?”

“नाई.”

“मंग काय गोटा निंगाला वडीत?”

वैजयंतीने वाचून दाखवलं, “मागणी एक किलोची. प्रत्यक्ष वजन एक किलो नव्वद ग्रॅम. विक्रेत्याचा काटा विश्वासार्ह नाही. रामराव, नागपूर.”

ओट्यावरचं दूध पुसता पुसता चतुराबाई सुनेकडे वळल्या. “म्हंजे जास्त भरल्या म्हनून रडून राह्यला तो?”

आता यात चतुराबाईंचं काय चुकलं? त्यांच्या घरातून डाळ जावो, तांदूळ जावो, मोजून झालं की वर एक मूठ टाकायचीच. त्यांच्या सासूने टाकली, त्यांनी टाकली. आणि चतुराबाईंची मूठ म्हणजे भाकरी थापून थापून रुंद झालेल्या हाताची मूठ. तिला कुठली कंपनी आवरणार?

ज्या कंपनीच्या अ‍ॅपवर हे दुकान होतं, तिचा संदेश संध्याकाळी आलाच. चांदण्यांची सरासरी चारच्या खाली घसरली आहे. पंधरा दिवसांत वर आली नाही तर दुकान बंद करण्यात येईल.

“आत्याबाई,” वैजयंती भीतभीतच म्हणाली, “आता काट्यावर जेवढं येईन तेवढंच भरू. वरची मूठ नोको.”

झालं! चतुराबाईंनी वड्यांच्या डब्याचं झाकण असं आपटलं की ओसरीवर पेपर वाचणारे मारोतराव, म्हणजे वैजयंतीचे सासरे, धडपडून उभे राहिले.

“टाच मारून देऊ? मोजून-मापून? माह्या नावाच्या वड्या, अन् टाच मारून? तूच भर बापा. आजपासून मी त्या डब्याले हात लावनार नाई. अन् दिवाळीच्या वड्याची डाळबी मी भिजवनार नाई!”

चतुराबाईंनी बोलल्याप्रमाणे केलं. त्या दिवसापासून त्या गच्चीकडे पाठ करून बसू लागल्या. डबे जेमतेम महिनाभर पुरणारे. सासूचा हात नाही म्हणजे दिवाळीच्या वड्या नाहीत, आणि वड्या नाहीत म्हणजे दुकानाला कंपनीनेच कशाला, घरानेच कुलूप लावल्यासारखं. वैजयंतीला रडू येईना आणि हसूही येईना.

अशा वेळी मारोतराव स्वस्थ बसते तर बरं झालं असतं. पण ते एस.टी. थांब्यावरच्या हॉटेलात गेले, सगळ्यांना चहा सांगितला आणि उभं राहून म्हणाले, “आपल्या गावच्या मुगवडीची इज्जत गेली तिकडं नागपुरात. सगळ्यायनं मोबाईल काढा अन् पाच-पाच चांदन्या दाबा!”

मोबाईल निघाले. पण ज्याने माल घेतला त्यालाच चांदणी देता येते, असं कंपनीचं म्हणणं. “मंग घ्या माल! त्यात काय?” मारोतराव म्हणाले. मेडशीतल्या नऊ जणांनी तिथल्या तिथे एकेक किलो मागवला. नववे खुद्द मारोतराव.

वैजयंतीने नऊ पाकिटं भरली. नव्या काट्यावर, हजार म्हणजे हजार. शेजारच्या चंपाबाईसाठी तिच्या नातवाने मागवलेल्या पाकिटाला चार ग्रॅम कमी पडत होते, तर तिने एक वडी मोडून अर्धी आत टाकली. तेव्हा कुठे आकडा जुळला. चतुराबाईंनी दारातून ते पाहिलं आणि नुसता कपाळाला हात लावला.

पाकिटं मेडशीतून निघाली, अकोल्याला गेली, तिथून आणखी कुठं कुठं हिंडून आली आणि पाचव्या दिवशी मेडशीतच पोचली. चंपाबाईचं घर तर भिंतीला भिंत लागून. पार्सल फोडून तासही झाला नसेल, तोच चंपाबाई भिंतीवरून ओरडल्या, “काय वं वैजू, अर्धी वडी? मले अर्धी वडी पाठवली? म्या तुहं काय वाकडं केलं?”

“काकू, वजन बरोबर व्हाव म्हनून...”

“वजन घाल चुलीत! तुह्या सासूनं मले चाळीस वर्सात कधी मोडकी वडी देल्ली नाई. अन् वरची मूठ कुठी हाय?”

रात्रीपर्यंत निकाल लागला. आठ जणांनी एकेक चांदणी. कुणी लिहिलं होतं, ‘वरची मूठ नाही.’ कुणी लिहिलं होतं, ‘चतुराबाई अशी नव्हती.’ चंपाबाईने नातवाकडून लिहून घेतलं होतं, ‘वडी अर्धी, शेजार पुरा तुटला.’

“आन् तुमी, मामाजी?” वैजयंतीने विचारलं.

मारोतराव पेपरामागे गेले. “दोन देल्ल्या,” ते पेपरामागूनच म्हणाले. “घरचाच मानूस हाव म्हनून. पन खोटं कसं लिहू बापा? मूठ नव्हतीच.”

जास्त दिलं तर एक, मोजून दिलं तर एक. आता माणसाने करावं तरी काय? दुकान बंदच करून टाकावं म्हणून वैजयंतीने मोबाईल उघडला, तर समोर एक नवीन ऑर्डर. दोन किलो मुगवड्या. रामराव, नागपूर.

तिचं डोकंच फिरलं. पार्सलच्या चिठ्ठीवर नंबर होता. तिने सरळ लावला, आणि चतुराबाईंना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

“साहेब, एक चांदनी देता अन् वरून दोन किलो मागवता? काय समजाव आमी?”

“चवीबद्दल मी कुठे तक्रार केली?” पलीकडून शांत आवाज आला. “चव अप्रतिम आहे. पहिला किलो संपला म्हणून तर मागवल्या. तक्रार वजनाची आहे. एकतीस वर्षं, रिटायर होईपर्यंत, मी सरकारी नोकरीत वजनमापं तपासली, बाई. कमी माप देणारे शेकड्यांनी पकडले. जास्त देणाऱ्या तुम्ही पहिल्याच. काय करावं मला सुचेना, म्हणून एक दिली.”

“ते जास्त नव्हतं, साहेब. ते वरची मूठ होती. आमच्या आत्याबाईची.”

रामराव म्हणाले, “मग तसं पाकिटावर लिहा ना! जे लिहिलं ते आत असावं, आणि जे आत आहे ते लिहिलेलं असावं. माझं एवढंच म्हणणं आहे.”

वैजयंतीने त्याच बैठकीत चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. ‘निव्वळ वजन एक किलो. वर चतुराबाईची एक मूठ. मूठ वजनात धरलेली नाही.’ लिहून तिने पहिली चिठ्ठी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली.

चतुराबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. “माही मूठ छापून येनार?”

“हरेक पाकिटावर.”

“मंग आनतं का डबा इकडं? बसली काय नुसती!”

दुसऱ्या दिवशी मारोतराव डबा काखोटीला मारून गावात फिरले. आठ घरी आठ थकीत मुठी पोचत्या झाल्या, चंपाबाईला वडीचा उरलेला अर्धा तुकडाही मिळाला. सगळ्यांनी चांदण्या बदलल्या. नागपूरहून पाच आल्या, ‘वजन बरोबर. मूठ जाहीर केलेली आहे.’ पंधरावा दिवस उजाडायच्या आत सरासरी वर, आणि दिवाळीची डाळ भिजत.

पुढे महिन्याभराने चतुराबाई दोन दिवस माहेरी जऊळक्याला गेल्या. त्याच वेळी रामरावांची ऑर्डर आली. वैजयंतीने पाकीट भरलं, वर न विसरता मूठ टाकली आणि पाठवून दिलं.

चतुराबाई परत आल्या त्याच दिवशी नागपूरचा अभिप्राय आला. चार चांदण्या. वैजयंतीने वाचला आणि मोबाईल पदराखाली लपवला.

“काय लिवलं? वाच,” चतुराबाई म्हणाल्या.

तिने नाइलाजाने वाचलं, “वजन बरोबर. चव उत्तम. मुठीत मात्र तफावत. मागची नव्वद ग्रॅम, या वेळची पंचावन्न. मूठ सुनेची असावी.”

“पुन्यांदा वाच.”

तिने पुन्हा वाचलं. चतुराबाईंनी मारोतरावांना ओसरीवरून आत बोलावलं आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग भिंतीशी जाऊन चंपाबाईलाही हाक मारली.

“लय हुशार मानूस हाय,” त्या पदर खोचत म्हणाल्या. “असल्या मानसाले रिटायर कोनं केलं वं?”