मोहरीलांचा चौथा हप्ता

रविवार, ४ जून १९७२. सकाळी आठ वाजता मोहरीलांनी आम्हा बारा शेजाऱ्यांना चौथा हप्ता वाटण्यास प्रारंभ केला. प्रत्येकी एक रुपया.

मोहरील जबलपूरजवळ रांझीच्या कारखान्यात तोफगोळे तपासत. बाजारातही ते खिशात मोजपट्टी घेऊन जात. फुलकोबी 'पास' होई किंवा 'रिजेक्ट'. भावाच्या व्याह्यांना त्यांनी मांडवातच रिजेक्ट केले होते. पत्नी वारल्यापासून क्वार्टरमध्ये तपासण्यास कोणी उरले नव्हते.

युद्धाच्या डिसेंबरात साऱ्यांच्या खिशात ओव्हरटाइम होता. तेव्हा ते गुलाबी कार्ड घेऊन माझ्याकडे आले.

"दहा रुपये भरा, भाऊ. चार माणसं जोडा. ते चार-चार जोडतील. सोळा झाले की मनगटी घड्याळ."

"हे चौपटीने वाढणार. दहाव्या पायरीला जबलपूर अपुरं पडेल."

"मग नागपूर आहे ना."

"आणि कंपनी पळाली तर?"

"कार्ड मोजून पाहिलं मी. चारही कोपरे काटकोनात, नंबर ओळीनं. ज्याले पळायचं आहे, तो इतकी मेहनत काहून करेल?"

गणित ठाऊक असूनही मी दहा रुपये दिले. आणखी अकरा जणांनी दिले.

फेब्रुवारीत कंपनीच्या ओमती भागातल्या कार्यालयाला कुलूप लागले. आत एक टेबल तेवढे उरले होते. ते तिरपे असल्याचे मोहरीलांनी खिडकीतूनच सांगितले.

पैसे कोणी मागितले नाहीत. तरी "माल मी पास केला, नुकसान माझं," असे म्हणून त्यांनी महिन्याला एक रुपया परत करण्याचे जाहीर केले. अट एकच होती. पहिल्या रविवारी प्रत्येकाने स्वतः यायचे आणि सही करायची. पोहे दुसऱ्यांदा घेतल्याशिवाय मात्र सहीचा कागद पुढे येत नसे.

त्या रविवारी चहासाठी त्यांनी मला फडताळातून साखरेचा डबा काढण्यास सांगितले. डब्यामागे बारा पाकिटे होती. प्रत्येकावर एकेकाचे नाव आणि फेब्रुवारीतली तारीख होती. माझ्या पाकिटात रुपयाच्या सहा नोटा शिल्लक होत्या; म्हणजे दहाही तेव्हाच भरून ठेवल्या होत्या.

बाहेर शेजारचे बोंडे बोलत होते. "मोहरीलभाऊ, हे एक-एक रुपया कब तक? एकदम देऊन टाका ना, झंझट खतम." दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

मोहरील पोह्यांवर कोथिंबीर पेरत राहिले.

मी डबा घेऊन बाहेर आलो आणि म्हणालो,

"ठरलं ते ठरलं, बोंडे. महिन्याला एकच रुपया. तुम्हाला काहून घाई होऊन राहिली?"

बोंडे हसले आणि बशी पुढे केली. मोहरीलांनी माझ्याकडे पाहिले नाही.

सगळे गेल्यावर मी कपबशा विसळून ओट्यावर पालथ्या घातल्या.