कासवांच्या भिंतीतले निरोप

वाट झाडून झाली होती. गवंडी मागे सरकून, एक डोळा मिटून, स्वतःच्याच कामाकडे कौतुकाने पाहत होता. तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"काका, या विटांवरची नावं कुठायत?"

"कसली नावं?"

"अहो, नवरा-बायकोंची! तासाभरात सगळे बघायला येतील. तुमचीही वीट आहे की त्यात!"

गवंड्याचा दुसरा डोळाही मिटला.

जखमी वन्यप्राण्यांच्या या दवाखान्याने मदतीसाठी एक योजना काढली होती. देणगी द्या, आपल्या माणसासाठी विटेवर चार शब्द कोरून घ्या, ती वीट दारापासूनच्या वाटेत बसेल. मागे गवंडी पाय मोडून दीड वर्ष खाटेवर होता, तेव्हा बायकोने शिवणयंत्रावर घर ओढलं होतं. तिचे आभार मानायचे राहून गेले होते. तोंडाने ते जमेना. पण वीट म्हणजे त्याचा हातखंडा विषय. त्याने वीट तर नोंदवलीच, वर वाट आणि कासवांच्या आवाराची बुटकी भिंतही फुकट बांधून द्यायचं कबूल केलं.

ताडपत्रीखाली विटांचे दोन ढीग होते, गुळगुळीत आणि अक्षरांचे. आता चाळीस वर्षांत हाताखालून गेलेल्या प्रत्येक विटेवर भट्टीवाल्याचं नाव खोल उमटलेलं असायचं, आणि ती बाजू वर ठेवून अक्षरांच्या खाचेत सिमेंटचा माल भरायचा, हे तो झोपेतही विसरला नसता. गवंडी विटा वाचत नाही, लावतो. प्रेमाची वीट निराळी, चकचकीत कागदात गुंडाळून येईल असा त्याचा समज होता. गुळगुळीत विटा वाटेत गेल्या, अक्षरांच्या भिंतीत.

"भिंतीत?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "मग काढा ना बाहेर!"

"आठ दिवस पाणी मारलंय, बाई. माझी भिंत निघत नसते." एवढ्या संकटातही त्याच्या आवाजात थोडा अभिमान आलाच.

माणसं जमली. गवंड्याची बायको ठेवणीतली साडी नेसून आली होती. डॉक्टरीणबाईंनी घसा खाकरून खरं काय ते सांगून टाकलं. पंधरा जोडपी कासवांकडे बघू लागली. कासवांनी माना आत घेतल्या. गवंड्यालाही तेच करावंसं वाटलं.

एका तरुणाने मात्र त्याचा हात घट्ट धरला. "काका, उपकार झाले," तो कुजबुजला. "वीट नोंदवली तेव्हा दुसरीच होती हो! आज लग्नाची बायको घेऊन आलोय."

"अहो," बायको पुढे आली. "आपल्या विटेवर काय होतं?"

"होतं काहीतरी."

"काहीतरी बघायला मी दोन ब्लाउज अर्धवट टाकून आले?"

"घरी सांगतो."

"घरी तीस वर्षं आहोत की."

सुटका नव्हती. गवंडी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"भिंतीला नका सांगू, तिला माहीत आहे," बायको म्हणाली.

तो वळला. टोपी काढली. "तू धरलंस म्हणून उभा आहे," एका दमात बोलून त्याने टोपी पुन्हा घातली.

कुणी हसलं नाही. बायकोने पदराने डोळे टिपले. मग बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे वळल्या. "आता तुम्ही बोला!"

आवारात एकच धांदल उडाली. कुणी अडखळलं, कुणी लाजलं, कुणी बायकोच्या कानात सांगितलं. तो तरुण तर जागच्या जागी नवीन मजकूर रचून मोकळा झाला आणि त्याची बायको रडली. एक टकले गृहस्थ घाम पुसत गवंड्यापाशी आले.

"मिस्त्री, तुमच्या हातून गेलीय ना? माझ्या विटेवर काय होतं हो?"

गवंड्याने बायकोकडे पाहिलं. ती अजून डोळे टिपत होती.

"तेच," तो म्हणाला. "माझ्या विटेवर होतं तेच. जा, सांगा."