मेडनहेडच्या मादाम

सई, निहार,

परवा तुमच्या आईने फोनवर सांगितलं, की सईने पोहायला जाणं बंद केलं आहे. पुण्याच्या लग्नात कुणीतरी तिला ‘किती काळवंडलीस गं!’ म्हणालं म्हणे. फोनवर मी चार समजुतीच्या गोष्टी सांगायला लागले, तर सई ‘हो आजी, हो आजी’ म्हणत फोन निहारच्या हातात देईल, हे मला माहीत आहे. म्हणून त्याऐवजी आमच्या शेजारच्या मादाम पर्किन्सबद्दल लिहून पाठवते आहे. तुमची आई लहानपणी त्यांना जाम घाबरायची. तिलाही यातलं शेवटचं काही ठाऊक नाही.

मादाम ऊन पडलं की छत्री उघडायच्या.

इंग्लंडमध्ये ऊन पडलं की काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. आमचं अख्खं मेडनहेड गाव अंगावरचे कपडे कमी करून नदीकाठी पसरतं. अशा दिवशी आमच्या गल्लीत मादाम मोठी काळी छत्री धरून, रुंद काठाची हॅट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला निघायच्या. गल्लीतल्या इंग्लिश बायका कौतुकाने म्हणायच्या, “सो एलिगंट! सो फ्रेंच!” मला मात्र माहेर आठवायचं. माझी एक आत्या अशीच भर उन्हात पदर कपाळावर ओढून, भिंतीच्या सावलीसावलीने चालायची. रंग जपणारी बाई मला लांबून ओळखता येते. फक्त फ्रेंच बाईला रंग जपायची एवढी काय गरज, ते कळत नव्हतं.

त्यांचं पोस्टावरचं नाव मिसेस पर्किन्स होतं. नवरा हॅरल्ड, जहाजावरचा रेडिओ ऑफिसर, फार पूर्वीच वारला. पण ‘मिसेस’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. मादाम म्हणायचं. आणि त्यांचं प्रत्येक वाक्य ‘शे नू’ने सुरू व्हायचं. शे नू म्हणजे आमच्याकडे. “शे नू, पाहुण्याला कपात चहा देऊन बशी विसरत नाहीत.” “शे नू, कुणी दुपारी बाराला जेवत नाही, ते मजूर जेवतात.” माझ्या सासूबाईंचं ‘आमच्याकडे नाही हो असं’ मी वीस वर्षं ऐकलं होतं, त्यामुळे मला हे सगळं घरच्यासारखंच वाटायचं. फक्त सासूबाईंचं ‘आमच्याकडे’ म्हणजे सांगली, हे जगाला माहीत होतं. मादामचं ‘शे नू’ नकाशावर नेमकं कुठे, ते त्या सांगायच्या नाहीत. “फ्रान्समध्ये कुठे?” असं विचारलं की म्हणायच्या, “आम्ही फार जुने फ्रेंच.”

एकदा चर्चच्या जत्रेत खरीखुरी फ्रेंच बाई आली. चीजचा स्टॉल लावला होता तिने. बायकांनी हौसेने मादामना तिच्यापुढे उभं केलं. मादाम तिच्याशी भरभर बोलल्या. ती बिचारी पुन्हा पुन्हा “पार्दाँ?” म्हणत राहिली आणि शेवटी इंग्लिशमध्ये म्हणाली, “माफ करा, मला समजत नाही.” मादामनी हातमोजा नीट ओढून घेतला आणि मला म्हणाल्या (मला त्या ‘शेरी’, म्हणजे लाडके, म्हणायच्या), “चल, शेरी. पॅरिसच्या लोकांचं फ्रेंच अगदीच बिघडलंय.”

मला मात्र शंका आली ती भेंडीवरून. आम्ही भाजीला हाउन्सलोच्या देशी दुकानांत जायचो. एकदा मी पिशव्या उतरवत होते आणि कुंपणापलीकडून किंकाळी आली, “गोम्बो!” मादाम माझ्या पिशवीतल्या भेंडीकडे असं बघत होत्या, जसं आपण परदेशात आंबा दिसल्यावर बघतो. मी खुशीने त्यांना घरी बोलावलं आणि भेंडी केली. आपली, परतून, कोरडी, कुरकुरीत. त्यांनी एक घास घेतला आणि काटा खाली ठेवला.

“शेरी, तू हिचा जीव घेतलास.”

“मादाम, नाहीतर ती बुळबुळीत होते!”

“बुळबुळीतच तर हवी! तेच तर तिचं काम!”

पुढच्या आठवड्यात त्यांनी त्यांच्या पद्धतीचं कालवण आणून दिलं. कोळंबी, सॉसेज आणि भेंडी, सगळी तार सुटलेली. आजोबांनी डॉक्टरी चेहऱ्याने बाउल संपवला, चमचा पुसला आणि मादाम गेल्यावर म्हणाले, “अगं, ही बाई फ्रेंच नाही.”

“मग कोण?”

“ते तिचं तिला सांगू दे.”

तेव्हापासून आमच्याकडे हाउन्सलोहून भेंडीच्या दोन पिशव्या यायला लागल्या.

मादामना एकच मुलगा, मार्टिन. जवळच्या रीडिंग शहरात इन्शुरन्स ऑफिसात होता, पन्नाशीचा, टक्कल पडलेला, शांत. रविवारी दुपारी आईकडे यायचा. लहानपणी त्याला त्यांनी कधी समुद्रकिनाऱ्यावर शर्ट काढू दिला नाही, आणि केस अगदी बारीक कापून ठेवले. त्याला वाटायचं, फ्रेंच आया अशाच असतात.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेलं. रविवारी सकाळी मी दार उघडलं तर मादाम उभ्या. डोक्यावर हॅट नाही. हातमोजे नाहीत. बाहेर चांगलं ऊन होतं.

“तुमचा टीव्ही मोठा आहे,” एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन अगदी पडद्यासमोर बसल्या. पडद्यावर छपरांवर चढून बसलेली माणसं हात हलवत होती. जवळजवळ सगळी काळी. मादाम एकेक चेहरा बघत होत्या.

मी विचारलं, “कुणाला शोधताय?”

“ओदीलला. माझ्या बहिणीला.”

त्या दिवशी ‘शे नू’ कुठे आहे ते कळलं. न्यू ऑर्लिन्समधली जुनी क्रिओल घरं. घरात फ्रेंच बोलणारी, रक्तात फ्रेंच आणि आफ्रिकन दोन्ही असलेली. एकाच आईच्या पोटी एक मूल दुधासारखं, एक कॉफीसारखं. त्यांच्या एका क्लबच्या दारावर म्हणे तपकिरी कागदाची पिशवी टांगलेली असायची. पिशवीहून उजळ असाल तर आत या. सेलेस्तीन, म्हणजे आपल्या मादाम, आत जायच्या. थोरली ओदील बाहेर उभी राहायची, बहिणीचा कोट सांभाळत.

“तुमच्याकडे असं नसतं ना?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, “पिशवी नसते. वर्तमानपत्रात छापतात. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. लग्नासाठी.”

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे छापील पिशवी.”

मग हॅरल्ड आला. तिथल्या कायद्याने गोऱ्याला काळ्या रक्ताच्या बाईशी लग्न करता येत नव्हतं. सेलेस्तीन गोरी दिसत होती, तिने गोरीच म्हणून लग्न केलं.

“हॅरल्डना माहीत होतं?”

“त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमचं फार चांगलं जमलं.”

इंग्लंडला निघायच्या आदल्या दिवशी दोघं ट्राममध्ये पुढच्या, गोऱ्यांच्या बाकावर बसले होते. ओदील चढली. तिने बहिणीला पाहिलं. आणि अनोळखी माणसाजवळून जावं तशी शेजारून मागच्या बाकांकडे निघून गेली.

“माझ्यासाठी,” मादाम म्हणाल्या. “मी ओळखायच्या आत तिने मला न ओळखून टाकलं. आणि मी मागे वळून पाहिलं नाही.”

आम्ही तिकडच्या एका मदतकेंद्राला फोन लावला. बऱ्याच वेळाने एक बाई लाइनवर आली. मी नंबर लावून दिला होता, बोलल्या मादाम. नाव ओदील रोशाँ. लग्न नाही, शाळेत शिकवायची. वय ऐंशीच्या पुढे. मग पलीकडून वर्ण विचारला. मादाम सहज म्हणाल्या, “व्हाइट.” थोड्या वेळाने उत्तर आलं, या नावाची कुणी गोरी बाई आमच्याकडे नाही.

मादामनी फोन ठेवला. मी म्हटलं, “मादाम, तुम्ही ‘व्हाइट’ म्हणालात.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “म्हणाले का मी?”

त्यांना खरंच कळलं नव्हतं. इतकी वर्षं त्या प्रश्नाला तोंडातून एकच उत्तर जात होतं.

तेवढ्यात मार्टिन आला. आईचं दार उघडं दिसलं म्हणून शोधत आमच्याकडे आलेला. आजोबांना प्रसंग कळला. ते उठले आणि म्हणाले, “मार्टिन, जरा बागेत येतोस? लॉनमोअर विचित्र आवाज करतोय.” आमच्याकडे लॉनमोअर नव्हताच. एक माणूस येऊन गवत कापून जायचा.

“नको, डॉक्टर,” मादाम म्हणाल्या. “त्याला बसू दे. शेरी, नंबर लाव.”

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पुन्हा तेच प्रश्न आले. नाव, वय, वर्ण.

“ब्लॅक,” मादाम म्हणाल्या. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि त्या जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, “बहीण. नाही, सावत्र नाही! सख्खी. एकच आई, एकच बाप. हो मॅडम, मग मीही तीच!”

मार्टिन सोफ्यावर बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. शेवटी इंग्लिश माणूस बोलतो तेच तो बोलला. “मी चहा टाकतो.”

स्वयंपाकघराच्या दारातून मागे वळून त्याने विचारलं, “मम, ती तुझ्यापेक्षा मोठी की लहान?”

“मोठी. आणि फार हट्टी.”

ओदील सापडली. ह्यूस्टनच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, खाटेवर. आम्ही सगळे फोनभोवती उभे होतो. पलीकडून खणखणीत आवाज आला, “कोण सेलेस्तीन? कुठली सेलेस्तीन? माझी बहीण तर मोठी गोरी मडम झाली ना?”

मादाम रडत होत्या आणि हसत होत्या. त्यानंतर जे फ्रेंच सुरू झालं, ते पॅरिसच्या कुणालाही कळलं नसतं. मधूनच त्या मला इंग्लिशमध्ये म्हणाल्या, “म्हणते, माझा निळा कोट तू चोरून नेलास. खरं आहे. नेला होता.”

ओदील इंग्लंडला आली नाही. “एकदा घर बुडालं तेवढं पुरे, आता समुद्र ओलांडणार नाही,” म्हणाली. मादामना डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. मार्टिनच गेला. दोघी बहिणी रोज फोनवर भांडायच्या. दोन वर्षांनी हिवाळ्यात मादाम झोपेतच गेल्या.

शेजारच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. ओदील नव्वदी ओलांडून ह्यूस्टनमध्येच आहे. मार्टिन दर उन्हाळ्यात तिच्याकडे जातो. ती त्याचा हात धरून रविवारी चर्चला जाते, आणि भेटेल त्याला सांगते, “हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा.”