अक्काची परात आणि परशाची गाडी

माझा मेव्हणा परशराम कुणाच्याही घरी गेला आणि त्याला पाणी दिलं, तर तो ते लगेच पीत नाही. पेला जमिनीवर ठेवतो, गुडघे टेकतो, एक डोळा मिटतो आणि पाण्याच्या कडेकडं बघत बसतो. मग सांगतो, "तुमचं घर पश्चिमेला बोटभर बसलंय." मग पितो. एका ठिकाणी सोयरीक बघायला गेलो होतो, तिथंही हेच. मुलीचा बाप बोलणी सोडून भिंतीला हात लावून आला.

हे वेड त्याला गाडीनं लावलं. तीस वर्षं त्यानं गणेशगुडीत नदीवर येणाऱ्या पाहुण्यांची मिनीबस हाकली. बस म्हातारी झाली तेव्हा मालकाकडून तीच मागून घेतली. बाकडी काढली, आत खाट टाकली, शेगडी बसवली, छोटा फ्रिज आणला, खिडक्यांना पडदे लावले. चाकांवरचं घर! "दाजी, आता देश बघायचा," म्हणाला. देश राहिला बाजूला. पहिल्याच मुक्कामाला उतारावर गाडी लावली आणि सकाळी नवरा-बायको खाटेसकट दाराशी गोळा झाली. फ्रिज बंद पडला, दूध नासलं. तव्यावर तेल एकीकडं आणि मासा दुसरीकडं. तेव्हापासून गाडी सपाट झाल्याशिवाय परशा आत पाऊल ठेवत नाही.

यंदा पावसाच्या तोंडाला तो गाडी घेऊन माझ्या दारात आला.

"दाजी, पावसाळाभर हितं ठेवतो."

माझं अंगण म्हणजे कसं, तर दारात लिंबू पडलं की ओढ्यात सापडतं. त्यात माझी बायको, म्हणजे परशाची थोरली बहीण, चैत्रात गेलेली. मला कुणी नको होतं. तोंडावर सांगितलं, "परशा, मला माणूस नको, आणि गाडी तर मुळीच नको."

"गाडी बोलत न्हाई, दाजी."

"तू बोलतोस की!"

पण त्यानं तोवर चाकांना ठोकळे लावलेसुद्धा. पुढून एक, मागून एक. "आधी ठोकळा, मग जॅक," हे त्याचं रोजचं वाक्य. "उलटं केलं की माणूस फोटोत."

मग मला म्हणाला, "अक्काची परात द्या."

त्याच्याकडं गवंड्याची पाणसळ आहे, पण तो तिला मानत नाही. "त्यातला बुडबुडा माणसानं केलाय. पाणी खोटं बोलत न्हाई."

परात पितळेची, तिच्या आईनं लग्नात दिलेली. मधोमध नक्षीचं फूल. ती गेल्यापासून फळीवर पालथी होती, मी हात लावला नव्हता. पण परशाशी वाद घालण्यापेक्षा परात देणं सोपं.

त्यानं ती गाडीत मधोमध ठेवली आणि दोन पेले पाणी ओतलं. पाणी ओढ्याकडं पळालं. मग खालच्या बाजूच्या चाकांपुढं ऐनाच्या लाकडाच्या फळ्या टाकून, ठोकळे काढून, गाडी हळू हळू फळ्यांवर चढवली. पुन्हा ठोकळे, पुन्हा परात. पुन्हा एक फळी. मग चार कोपऱ्यांना जॅक, जॅकखाली रुंद पाट, ओल्या मातीत रुतू नये म्हणून. मी म्हटलं, "उचल की वर आणि मोकळा हो!"

"जॅकनं आधार द्यायचा, दाजी, उचलायचं न्हाई. चाकं भुईवर पायजेत." हँडब्रेकही सोडून ठेवला. पावसाळाभर ओढून ठेवला तर चिकटतो म्हणे. गाडीनं ठोकळ्यांवर उभं राहायचं.

दुपार झाली तेव्हा पाणी बरोबर फुलावर येऊन थांबलं. साठीचा माणूस टाळ्या पिटत उतरला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मोटरसायकल दारात.

"जमीन बसते, दाजी. बघाय पायजे."

तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीही. धो धो पावसात अर्धा तास मोटरसायकल मारत, डोक्याला प्लास्टिक गुंडाळून यायचा. परात, दोन पेले पाणी, एक डोळा बंद. मग चहा. तोही गाडीतच, कारण "सपाट जागी चहाची चव येगळी". चहा पिताना विचारायचा, "रात्री काय जेवला?" मी विषय बदलला की शेगडीवर भात चढवायचा. जाताना परात घासायचा, सदऱ्याच्या टोकानं पुसायचा आणि फळीवर होती तशीच पालथी ठेवायचा.

"अरे, उभ्या गाडीची लेव्हल रोज जाते कुठं? लग्नाला?" मी ओरडायचो. तो हसायचा आणि सकाळी पुन्हा हजर.

श्रावणात माझं डोकं फिरलं. म्हटलं, गणपतीच्या आत हे धूड अंगणातून हलवायचंच. त्याच्या बायकोलाच, सुमनला, सांगायचं. एक मोठं तवसं, पावसाळी काकडी, पिशवीत घातलं आणि बसनं गणेशगुडी गाठली. परशा बाजारात गेला होता. सुमन परसात भाजी निवडत बसली होती. तिच्या मागं पत्र्याची नवी शेड. खाली सिमेंट, कॅरमच्या बोर्डासारखं गुळगुळीत. आत काही नाही.

"हे काय गं?"

"गाडीची शेड. गेल्या दिवाळीतच घातली. ह्येंनीच पाणी वतून वतून सपाट केली."

"मग गाडी माझ्या उतारावर कशाला?"

सुमननं मान वर केली नाही. "हितं सपाट हाय न्हवं, भावजी. सपाट जागंवर रोज काय बघणार? अक्का गेली तवा ह्ये रडलं न्हाईत. आता रोज सकाळी अक्काच्या घरला जात्यात, गाडीचं निमित्त करून. आल्यावर मला सांगत्यात, दाजी आज दोन वाट्या भात जेवलं." मग म्हणाली, "मी बोलले म्हणू नका हं."

तवसं ठेवून मी परत आलो. गाडी हलव म्हणून सांगायचं राहिलंच.

गणपती गेले. पाऊस सरला, माती घट्ट झाली. एका सकाळी परशानं परात ठेवली, पाणी फुलावर. दुसऱ्या दिवशी फुलावर. तिसऱ्या दिवशीही. "बसली जमीन," तो म्हणाला. आनंद व्हायला हवा होता, पण नापास झाल्यासारखा दिसत होता. "आता रोज बघाय नको."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

मग मीच फळीवरची परात काढली, गाडीत मधोमध ठेवली, दोन पेले पाणी ओतलं, गुडघे टेकले, एक डोळा मिटला. पाणी बरोबर फुलावर. केसभर इकडं नाही, तिकडं नाही.

शेगडीवर दोघांच्या चहाचं आधण ठेवलं आणि फोन लावला.

"परशा, पाणी ओढ्याकडं पळालंय रे."

"किती?"

"दोन बोटं."

"दोन? अय्यो! ठोकळ्याला हात लावू नका, दाजी. आत जाऊ नका. आलोच!"

पाणी खोटं बोलत नाही, हे परशाचं खरं आहे. म्हणून फोन मी केला.